म्हशीचा वाटा

माझ्या सासूबाई काहीच खात नाहीत, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य होतं. त्या स्वतः तेच सांगायच्या, माझा नवरा तेच सांगायचा आणि शेजारीणही मान हलवायची. तरी येडगाव सोडून नारायणगावात राहायला आल्यापासून त्यांचं वजन वाढत चाललं होतं. चोळीच्या बाह्या मी उसवून मोठ्या केल्या, पुढच्या वर्षी परत केल्या. जिना चढताना त्या मधल्या वळणावर टेकायच्या आणि खालच्या दुकानदाराला उगाच बाजारभाव विचारत राहायच्या, म्हणजे दम लागलाय हे कळू नये.

'काहीच खात नाही आणि वजन वाढतं' हे मला पटेना. 'असतं एकेकाचं' असं कुणी म्हटलं की माझं डोकं सटकतं. माहेरी मला भोचक म्हणायचे ते काही खोटं नव्हतं. डबा दिसला की झाकण उघडायचं आणि बंद दार दिसलं की ते बंद का आहे ते विचारायचं, ही माझी खोड. पण नव्वदच्या दशकातल्या आमच्या घरात सासूच्या ताटाकडे बघून सुनेने प्रश्न विचारायचा नसतो, एवढी अक्कल मला होती. म्हणून मी गप्प होते.

गप्प राहणं संपलं ते गाठीमुळे. सासूबाईंच्या बेंबीपाशी लिंबाएवढी गाठ आली. खोकल्या की बाहेर यायची, आडव्या झाल्या की आत जायची. गावातल्या सर्जनने बोटाने दाबून पाहिलं आणि हर्निया आहे म्हणाला. ऑपरेशन करावं लागेल, पण आत्ता नाही.

"पोटावर चरबी फार आहे, आजी. आत्ता शिवलं तर टाके धरणार नाहीत, परत उसवेल. आधी वजन उतरवा, मग या."

"आन् तवर ही गाठ?" सासूबाईंनी विचारलं.

"पट्टा बांधा. जड उचलू नका. आत गेली नाही, दुखायला लागलं, तर मात्र लगेच यायचं. थांबायचं नाही."

सासूबाईंनी पदर पोटावर ओढून घेतला. का, ते मला माहीत होतं. त्यांच्या धाकट्या जावेला अशीच गाठ होती. ती अडकली आणि पुण्याला नेता नेता जाऊबाई वाटेतच गेल्या. दवाखान्यातून परत येताना सासूबाईंचा हात सारखा पदराखाली पोटावर होता. त्या दिवसापासून मला भोचकपणाचा परवाना मिळाला.

"आत्या, तुम्ही दिवसभरात खाता काय काय?" मी सरळ विचारलं.

"काय खाती मी? सकाळच्याला कपभर च्या. दुपारी अर्धी भाकर, रातच्याला अर्धी. तूच वाढती की."

खरंच होतं. वाढणारी मीच. सगळे जेवल्यावर आम्ही दोघी बसायचो, तेव्हा त्या अर्ध्याच्या वर भाकरी घ्यायच्या नाहीत. मी आग्रह केला तर ताटावर हात आडवा धरायच्या.

मग उपाय सुरू झाले. चहातली साखर गेली. तो चहा पिताना त्या असं तोंड करायच्या की बघणाऱ्याला वाटावं, कडू काढा दिलाय. उपवासाची साबुदाण्याची खिचडी गेली, तिच्या जागी भगर आणि ताक आलं. शेजारणीने मेथीचं पाणी सांगितलं, तेही झालं. आणि सर्जनने चालायला सांगितलं होतं म्हणून सकाळी जुन्नरच्या रस्त्याने चालणं.

चालण्याची तर वेगळीच गंमत झाली. आमच्याकडे रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या बाईला कुठेतरी जायचं असतं. नुसतं चालायचं म्हणून चालणारी बाई कुणी पाहिलेली नव्हती. त्यामुळे प्रत्येक जीपवाला ब्रेक मारायचा. "बसा मावशी, जुन्नर, जुन्नर!" सासूबाई हात हलवायच्या, तो पुढे जायचा, मागून दुसरा यायचा. एका सकाळी येडगावचाच जीपवाला निघाला. त्याने खाली उतरून दार उघडलं. गावच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? सासूबाई बसल्या. मी दारात वाट बघत उभी, आणि बाई दुपारी एसटीने जुन्नरहून परत. सोबत पेरूची पिशवी आणि बाजारातल्या दोन ओळखीच्या घरी झालेला चहा-नाश्ता. "त्यो थांबला, मंग काय करू?" म्हणाल्या.

वजन बघायला आम्ही माझ्या नवऱ्याच्या गाळ्यावर जायचो. तो टोमॅटोच्या व्यापारात होता. दुपारी लिलाव संपून मार्केट शांत झालं की क्रेट मोजायच्या काट्यावर सासूबाईंना उभं करायचं. पहिल्यांदा त्या काही केल्या चढेनात. "मी काय क्रेट हाय व्हय, काट्यावर चढाया?" शेवटी नवऱ्याने हमालांना चहाला पाठवलं, तेव्हा त्या चढल्या, तेही डोळे मिटून. काटा बघायचं काम माझं. महिना झाला तरी काटा खाली सरकला नव्हता, उलट थोडा वरच गेला होता. मी आकडा सांगितला नाही, पण माझ्या तोंडावरून त्यांना कळलंच. पट्टा घट्ट करत त्या उतरल्या.

आता मला संशय यायला लागला. बाई चोरून खात असेल का? मी लाडवांच्या डब्याचं झाकण मुद्दाम तिरकं लावून झोपायची. उठून बघावं तर झाकण तसंच तिरकं. शेंगदाण्याच्या बरणीवर बोटाने रेघ ओढून ठेवली, दाणे रेघेला. मला काही उलगडेना, आणि उलगडत नव्हतं म्हणून झोपही लागेना. एवढं वजन येतं कुठून? माणूस हवेवर तर फुगत नाही.

उत्तर मिळालं ते लाइट गेल्यामुळे. दुपारी जेवणं झाली की मी जरा आडवी व्हायची, मागचं आवरायचं काम सासूबाईंचं. त्या दिवशी पंखा बंद पडला, घामाने उठले आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. सासूबाई मोरीपाशी पाटावर बसल्या होत्या. भोवती सगळी भांडी. आमटीच्या पातेल्याच्या तळाशी राहिलेली आमटी त्यांनी भाकरीच्या तुकड्याने पुसून घेतली आणि तोंडात टाकली. मग कुकरच्या तळाचा भात. मग माझ्या मुलांनी ताटात टाकलेल्या भाकरीच्या कडा. दुधाच्या पातेल्याला चिकटलेली साय त्यांनी बोटाने निपटली. कढईतली वांग्याची भाजी, तेलासकट. हे सगळं त्या भराभर करत होत्या, चेहऱ्यावर चवीचं नाव नाही, अंथरुणाच्या घड्या कराव्यात तशा.

"आत्या, भूक लागलीय का?"

त्या दचकल्या वगैरे नाहीत. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा एक भावही नाही. "भूक? आत्ता तर जेवले की."

"मग हे खाताय काय?"

"हे काय खाणं हाय व्हय?" त्यांना माझा प्रश्नच कळेना. "हे संपवाया लागतं. भांडीवाली यायचीय ना, भांडी घासाया."

मी तिथेच जमिनीवर बसले. त्या खोटं बोलत नव्हत्या. खाणं म्हणजे ताट घेऊन, पाण्याचा तांब्या भरून बसायचं ते. भांड्याशी जे चाललं होतं ते खाणं नव्हतं, ते आवरणं होतं. त्यांनी स्वतःच्या अर्ध्या भाकरीचा हिशेब अगदी प्रामाणिकपणे दिला होता.

"येडगावला पण तुम्ही असंच संपवायचात?"

"तिथं कशाला? तिथं म्हस व्हती की."

आता माझ्या डोळ्यांपुढे ती बादली आली. लग्न होऊन येडगावच्या घरी आले तेव्हा मला पहिली गोष्ट शिकवली गेली ती हीच, की अन्नाचं शीतसुद्धा मोरीत जाता कामा नये. मागच्या दाराशी आंबोणाची बादली असायची. उरलेली आमटी, कण्या, शिळ्या भाकरीचे तुकडे, भाज्यांची देठं, तांदळाचं धुवण, सगळं तिच्यात. संध्याकाळी भुसा आणि भिजवलेली सरकी पेंड घालून सासूबाई ते स्वतः म्हशीपुढे ठेवायच्या. म्हैस बादली चाटून लख्ख करायची. अन्न वाया गेलं नाही, म्हशीने दूध दिलं, सगळं कसं जागच्या जागी.

मग आम्ही गाळ्यासाठी नारायणगावात राहायला आलो. म्हैस थोरल्या दिरांकडे येडगावलाच राहिली. पण घरात रांधायचं माप तेच राहिलं, आणि उरायचंही तेवढंच. फक्त ते खाणारं जनावर मागे राहिलं होतं.

एवढी मोठी गोष्ट सापडल्यावर माझ्याच्याने गप्प बसवेना. संध्याकाळी नवरा बूट काढतोय तोच मी म्हणाले, "मला कळलं. तुमच्या आई म्हशीचा वाटा खातात."

"तोंड सांभाळून बोल," तो म्हणाला. मग सगळं ऐकून घेतल्यावर एक बूट हातात धरून तसाच बसून राहिला.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की गाठ बाहेर आली, आणि दोन्ही हातांनी पोट धरून आडवं व्हावं लागलं. गाठ आत जायला नेहमीपेक्षा वेळ लागला. तेवढा वेळ आम्ही दोघी एकमेकींकडे बघतसुद्धा नव्हतो. मग छताकडे बघत त्या म्हणाल्या, "पन मंग मी करू काय? अन्न मोरीत घालू?"

प्रश्न बरोबर होता. आम्ही दुसरा मार्ग शोधायला लागलो. खालच्या कुत्र्यांना घातलं, तर जिन्यात कुत्री झोपायला लागली आणि इमारतीतले लोक भांडायला आले. भांडीवालीला द्यावं तर सासूबाईंना ते चालेना. उष्टं जनावराला द्यायचं, माणसाला देणं म्हणजे त्याचा अपमान. नवऱ्याने डोकं चालवलं आणि येडगावच्या जीपवाल्याशी बोलून रोज संध्याकाळी झाकणाची बादली पाठवायची सोय केली. चार-पाच दिवस आमचं खरकटं मोठ्या थाटात जीपमध्ये बसून म्हशीकडे जात होतं. मग एका गतिरोधकावर झाकण उडालं आणि लग्नाला निघालेल्या एका पाहुण्याच्या परीटघडीच्या पायजम्यावर वांग्याचं कालवण सांडलं. दुसऱ्या दिवशी जीपवाल्याने लांबूनच हात जोडले. "वहिनी, माणसं बसत न्हाईत राव आता गाडीत."

म्हणजे मुळातच कमी रांधायला हवं होतं. हे मला आधी का सुचलं नाही, कोण जाणे. बहुतेक माझाच हात रांधत होता म्हणून. पीठ घेताना प्रत्येकाच्या वाट्याचं घेऊन झालं की माझा हात आपोआप आणखी एकदा डब्यात जायचा. ती पाहुण्याची भाकरी. तिच्याबरोबर पाहुण्याची आमटी, पाहुण्याचा भात. येडगावला ते शोभायचंही, कारण जवळच्या धरणावर जाणारं-येणारं कुणी ना कुणी दारात यायचंच. इथे फ्लॅटमध्ये जेवायच्या वेळी महिना महिना कुणी फिरकत नव्हतं.

"उद्यापासून आपल्यापुरतंच करते," मी म्हणाले.

"न्हाई." सासूबाई एकदम उठून बसल्या. "टोपलं रिकामं ठिवायचं न्हाई. माझ्या सासूनं मला शिकवलंय, मी तुला शिकवलंय. दारात पावणं आलं आन् टोपल्यात भाकर न्हाई, आसं या घरात कवा झालं न्हाई."

"आणि गाठ अडकली तर?"

"आडकू दे."

माझा ताबा सुटला. मी म्हणाले, "तुमच्या जाऊबाईंचं टोपलंही भरलेलंच होतं त्या दिवशी."

बोलले आणि जीभ चावली.  सासूबाई उठल्या, देवापाशी जाऊन बसल्या.  संध्याकाळी मी परातीत पीठ घेतलं, सवयीने एक ओंजळ जास्तच घेतलं. माझ्या मागून सासूबाईंचा हात आला. त्यांनी परातीतलं मूठभर पीठ उचललं आणि डब्यात परत टाकलं. मग थोडं थांबून आणखी एक मूठ. डब्याचं झाकण लावलं आणि बाहेर निघून गेल्या. मला कुणी मोठं बक्षीस दिलं असतं तरी एवढं भरून आलं नसतं.

पुढचे काही दिवस फार विचित्र गेले. जेवणं झाली की भांडी रिकामी. सासूबाई मोरीपाशी पाटावर बसायच्या, एकेक पातेलं वाकडं करून आत बघायच्या आणि हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारख्या उठायच्या. संध्याकाळी त्या मला हळूच म्हणाल्या, "अगं, पोटात कसं तरी हुतंय. कावळं वरडत्यात."

"भूक लागलीय तुम्हाला."

"ही भूक व्हय?" त्यांना खरंच नवल वाटलं. शेतावर असतानाची भूक त्या कधीच विसरल्या होत्या. इथे आल्यापासून पोट रिकामं व्हायला फुरसतच मिळाली नव्हती.

आणि मग लक्षात आलं की अर्ध्या भाकरीवर कुणाचं भागत नसतं, त्यांचंही कधी भागलं नव्हतं. मी त्यांचं नीट ताट वाढायला लागले. एक अख्खी बाजरीची भाकरी, पालेभाजी, मुळा नाहीतर काकडी, वाटीभर मुगाची आमटी, ताक. अख्खी भाकरी सगळ्यांसमोर घ्यायला त्या लाजायच्या. "लोकं म्हणतील, म्हातारी खादाड झाली." पण खायच्या, आणि चवीने खायच्या. एकदा म्हणाल्या, आमटीत आज आमसूल जरा जास्त पडलंय. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या आमटीला पहिल्यांदाच नाव ठेवलं होतं. मला राग यायच्या ऐवजी बरं वाटलं, कारण त्याआधी त्यांना चव लागतच नसावी.

चालणंही चालू राहिलं. जीपवाल्यांना आता माहीत झालं होतं, ते नुसता हॉर्न वाजवून पुढे जायचे. गाळ्यावरच्या काट्याचा आकडा हळूहळू उतरायला लागला. एका दुपारी त्यांनी काट्यावर डोळे उघडे ठेवले.

आणि अशात व्हायचं ते झालंच. त्यांचा धाकटा भाऊ घोडेगावहून भर दुपारी न कळवता आला. आमची जेवणं उरकली होती. सासूबाईंनी सवयीने टोपल्याकडे हात नेला आणि नुसतं फडकं हाताला लागलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, झालं, आता सगळं मुसळ केरात. मी तवा ठेवला, पीठ मळलं आणि भाकरी थापायला घेतली. भाऊ पाटावर बसला. तव्यावरची फुगलेली भाकरी थेट त्याच्या ताटात पडली, सोबत लोणी आणि ठेचा.

पहिला घास घेऊन तो म्हणाला, "आक्के, तुझ्या घरी आज पयल्यांदा गरम भाकर खाल्ली बघ."

"म्हंजी?"

"म्हंजी काय? दर वेळी आलो की तुझी ती फडक्यातली वाळल्याली भाकर फुडं यायची."

"मंग कवा बोलला न्हाईस?"

"पावण्यानं बोलायचं असतंय व्हय?"

 सासूबाई पदराने तोंड झाकून हसायला लागल्या, या वेळी पोटाला हात लावून, बेताने.

पावसाळा संपता संपता सर्जनने त्यांना तपासलं आणि ऑपरेशनची तारीख दिली. आत नेताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं, ते नर्सने सोडवलं. मी बाहेरच्या बाकावर बसून त्यांच्या जावेचाच विचार करत होते. मला भीती वाटत होती. पण ऑपरेशन सुरळीत झालं. सर्जन म्हणाला, टाके छान बसलेत, वजन उतरवलंत म्हणून सोपं गेलं.

मऊ भात द्यायची परवानगी मिळाली त्या दिवशी मी घरून डबा आणला. एका कप्प्यात त्यांचा भात, दुसऱ्यात माझी भाजी-भाकरी. त्या टेकून बसल्या आणि आपल्या हाताने भात खाल्ला. अर्ध्यावर थांबल्या, वाटी माझ्याकडे दिली. "बास. पोट भरलं. टाक ते."

टाक ते, असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मी वाटी घेऊन कोपऱ्यातल्या बेसिनकडे निघाले. खोलीत ओलांडायला होतं तरी किती अंतर? पण बेसिनपाशी पोचेपर्यंत माझ्या बोटांनी वाटीतला भात गोळा केला होता आणि घास माझ्या तोंडात होता. कधी गेला ते मला कळलंही नाही.

"थांब," सासूबाई मागून म्हणाल्या.

मी वळले. तोंडात घास तसाच. "अहो, दोन घास तर होते."

"माझंबी दोन-दोन घासच व्हतं," त्या म्हणाल्या. "ठिव ती वाटी. तुझा डबा उघड. आधी तुझं वाढून घे, गरम हाय तवर."

त्या घरात येऊन मला इतकी वर्षं झाली होती, आणि आधी तुझं वाढून घे, असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्यांनाही कुणी म्हटलं नसणार. मला रडू आलं. मी वाटी नळाखाली धरली, उरलेला भात वाहून जाऊ दिला, आणि स्टूल त्यांच्या खाटेजवळ ओढून माझा डबा उघडला. भाकरी अजून कोमट होती. मी जेवत होते तोवर त्या जाग्या राहिल्या.